पहिल्या घाण्याला तेल बरोबर, तिसऱ्याला निम्मं: गवती चहाच्या भट्टीचा उतारा दुपारनंतर का पडतो?

तक्रार ठरलेली असते. सकाळी सातला पहिला घाणा भरला, ५०० किलो गवताला अडीच किलो तेल आलं. दुसऱ्याला दोन किलो. तिसऱ्याला काटा सव्वा किलोवरच थांबला. गवत त्याच रानातलं, कापणी त्याच दिवशीची, माणसंही तीच. मग बोल गवताला लागतो: पाऊस जास्त झाला, खत कमी पडलं, रोपं देणाऱ्यानं भलतीच जात गळ्यात मारली. कोल्हापूर भागात उसाच्या उताऱ्याची भाषा घरोघरी चालते, त्यामुळे "उतारा पडला" म्हटलं की नजर आधी रानाकडे जाते. पण एकाच रानातलं गवत सकाळी तेलानं भरलेलं आणि दुपारी रितं, असं होत नसतं. तेल गवतातून सुटलेलं असतं, ते बाटलीपर्यंत पोचलेलं नसतं. वाटेत कुठे गेलं, एवढंच शोधायचं.

हिशेब सोपा जावा म्हणून एकच भट्टी डोळ्यांसमोर धरू. उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत कुणीही फॅब्रिकेटर बनवून देईल अशी: २,५०० लिटरची स्टीलची टाकी, तळाला पाणी, त्यावर जाळी, जाळीवर ५०० किलो गवत, खाली गुऱ्हाळासारखं चुलवाण आणि त्यात चिपाड किंवा वाळलेलं जुनं गवत. वाफ वरच्या नळीनं कंडेन्सरमध्ये जाते (थंड पाण्यानं वाफेचं पुन्हा पाणी करणारं भांडं), तिथून तेल-पाण्याची धार सेपरेटरमध्ये (तेल आणि पाणी वेगळं करणारा डबा). तुमची भट्टी लहानमोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

आधी तीन मापं

दुधाला वापरतात तो थर्मामीटर, एक लिटरचं माप आणि मोबाइलवरचं घड्याळ एवढ्यावर काम भागतं.

पहिलं माप धारेच्या वेगाचं. एक लिटरचं माप किती वेळात भरतं ते पाहा. ५०० किलोच्या घाण्याला तासाला ५० ते ७५ लिटर पाणी पडावं. साधारण एका मिनिटाला एक लिटर, म्हणजे तासाला ६०, हे उत्तम. चाळीस सेकंदांत माप भरत असेल तर वेग ९० वर गेला, जाळ जास्त झाला. दोन मिनिटं लागत असतील तर वाफच कमी आहे.

दुसरं माप धारेच्या तापमानाचं. गवती चहाला ३५ ते ४० अंश चांगलं. ४५ च्या वर गेलं की लक्ष द्या, ५० ओलांडलं की तेल हवेत जायला लागलं असं समजा.

तिसरं माप बहुतेक जण घेतच नाहीत: कंडेन्सरमध्ये शिरणाऱ्या थंड पाण्याचं तापमान. शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या, दोन्ही पाण्यांचं घ्या.

ही तिन्ही मापं प्रत्येक घाण्याला, धार सुरू झाल्यापासून दर वीस मिनिटांनी, वहीत लिहा. दोन दिवसांच्या नोंदी समोर आल्या की निम्म्या शंका आपोआप मिटतात.

दुपारचा चोर: तापलेली टाकी

पहिला घाणा चांगला आणि पुढचे उतरत गेले, अशी नोंद असेल तर पहिला संशय थंड पाण्याच्या टाकीवर. बऱ्याच ठिकाणी ५,००० लिटरची काळी टाकी असते. तिचंच पाणी पंपानं कंडेन्सरमध्ये जातं आणि गरम होऊन तिच्यातच परत येतं.

आता गणित. एक लिटर पाण्याची वाफ पुन्हा पाणी होताना सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता सोडते. तासाला ६० लिटर म्हणजे ३२,४००. वाफेचं पाणी झाल्यावर ते ९८ अंशांवरून ३८ वर आणायला आणखी ३,६००. एकूण ३६,००० किलोकॅलरी, दर तासाला. ९८ का, तर कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथं पाणी १०० अंशांच्या थोडं आधीच उकळतं.

ही सगळी उष्णता त्या ५,००० लिटरांत शिरली तर टाकी तासाला ७ अंशांनी तापते. दोन तासांचा एक घाणा म्हणजे १४ अंश. सकाळी २८ वर असलेली टाकी पहिल्या घाण्यानंतर ४२, दुसऱ्यानंतर ५७. टाकी उघडी असेल आणि वारा असेल तर यातून काही अंश वजा करा. काळ्या टाकीवर एप्रिलचं ऊन असेल तर तेवढेच पुन्हा मिळवा. तिसरा घाणा सुरू होतो तेव्हा "थंड" पाणी मुळात साठीकडे निघालेलं असतं.

धार शिरणाऱ्या पाण्यापेक्षा गार कधीच होणार नाही, हे उघड आहे. पण खरा तोटा दुसरीकडे आहे. वाफेचं पाणी होण्याचा वेग वाफ आणि थंड पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतो. सकाळी तो फरक ७० अंशांचा होता, दुपारी ४१ उरला. म्हणजे कंडेन्सरची ताकद ढोबळमानानं चाळीस टक्क्यांनी घटली, आणि चुलवाणात जाळ मात्र सकाळचाच आहे. जी वाफ नळ्यांत जिरत नाही ती धारेच्या तोंडातून सरळ बाहेर पडते, आणि ती नुसत्या पाण्याची नसते. शेडमध्ये लिंबासारखा घमघमाट सुटला की पाहुणे खूश होतात. भट्टीच्या मालकानं मात्र त्या वासाला घाबरलं पाहिजे.

खात्री करायची असेल तर धारेच्या तोंडाशी, दोन-तीन बोटं वर, गार पाण्यात बुडवून पुसलेलं स्टीलचं ताट धरा. अर्ध्या मिनिटात ताटावर दव साचलं आणि बोटानं चोळल्यावर ते तेलकट, झणझणीत लिंबाच्या वासाचं लागलं, तर चोर सापडला.

उपाय, सोयीच्या क्रमानं:

सगळ्यात चांगला उपाय पाणी परत न फिरवणं. विहिरीचं किंवा नदीच्या उपशाचं पाणी शेताला जातच असतं, ते कंडेन्सरमधून जाऊ द्या. तासाला १,५०० ते १,८०० लिटर पुरतं. तपासायला दहा लिटरची बादली लावा, ती वीस सेकंदांत भरली पाहिजे. बाहेर पडणारं पाणी ४८ ते ५० अंशांचं असतं, म्हणून ते थेट उसाच्या सरीत सोडू नका. आधी लांब पाटानं फिरू द्या किंवा हौदात निवू द्या.

पाणी फिरवल्याशिवाय गत्यंतर नसेल तर साठा वाढवा. १०,००० लिटरला तासाला साडेतीन अंशांच्या आसपास वाढ होते, तीन घाणे कसेबसे निघतात. शेततळं असेल तर प्रश्नच मिटला. परतीचं पाणी एका टोकाला वरून, फवाऱ्यासारखं पडू द्या आणि पंपाची ओढ दुसऱ्या टोकाला तळातून घ्या. दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या टाक्या पाहिल्या की वाईट वाटतं. गरम पाणी पडतं आणि तेच लगेच ओढलं जातं.

तिसरा उपाय जाळ कमी करण्याचा. टाकी तापली तर धार ६० वरून ४० लिटरवर आणा. घाण्याला तासभर जास्त लागेल, पण तेल हाती येईल. चिपाडाचा जाळ भसकन उठतो आणि तसाच बसतो. चुलवाणापुढच्या माणसाला "मोठा जाळ घाल" किंवा "बारीक कर" सांगून उपयोग नाही, त्याच्या हाती ते एक लिटरचं माप द्या.

वीज हा वेगळाच घोर. शेतीपंपाला वीज पाळीनं येते, आणि मधेच गेली तर कंडेन्सर कोरडा पडतो, चुलवाण मात्र विझत नाही. पाच-सहा फूट उंचीवर २,००० लिटरची टाकी भरून ठेवा आणि कंडेन्सरला पाणी तिच्यातूनच उतारानं द्या. पंपानं फक्त ही टाकी भरायची. वीज गेली तरी तासभर हाताशी राहतो.

पाणी गार आहे, तरी धार गरम

शिरणारं पाणी तिशीच्या आत आणि धार पंचावन्नवर असेल तर दोष कंडेन्सरमध्येच.

सर्वांत आधी जोडणी पाहा. वाफ वरून खाली येते, म्हणून थंड पाणी खालून शिरून वरून बाहेर पडलं पाहिजे. दुरुस्तीनंतर प्लंबरनं नळ्या उलट लावल्या की पाणी वरून शिरतं, वरच्या भागात हवा कोंडते आणि निम्मा कंडेन्सर कोरडाच राहतो. हात लावून कळतं: वरचा तिसरा हिस्सा चटका देणारा, मधला कोमट आणि खालचा गार असावा. उलटं लागलं तर जोडणी बदला. वरच्या टोकाला हवा सोडायची छोटी कॉक बसवून घ्या.

मग क्षार. शिरोळच्या क्षारपड पट्ट्यातलं बोअरचं पाणी कंडेन्सरला लावलं असेल तर एका हंगामात नळ्यांवर पांढरा खवला बसतो, आणि तो उष्णता अडवतो. ५ टक्के सायट्रिक ॲसिड, म्हणजे १०० लिटर कोमट पाण्यात ५ किलो, दोन-तीन तास पंपानं फिरवा आणि मग साध्या पाण्यानं धुऊन काढा. स्टीलला हायड्रोक्लोरिक ॲसिड लावू नका. खवला जाईल, पण नळीला बारीक भोकं पडतील आणि थंड पाणी तेलात उतरेल.

शेवटी आकार. ६० लिटरच्या धारेला अडीच ते तीन चौरस मीटर थंड पृष्ठभाग लागतो: २५ मिलिमीटर व्यासाच्या, दीड मीटर लांबीच्या २५ नळ्या. पिंपात बसवलेलं दहा मीटरचं वेटोळं म्हणजे जेमतेम पाऊण चौरस मीटर. अशा वेटोळ्यावर ५०० किलोची टाकी लावून देणारे कारागीर आहेत. तिथं पाणी कितीही गार करा, जाळ पावपट केल्याशिवाय धार गार होणार नाही.

सगळेच घाणे कमी उताऱ्याचे

सकाळपासूनच तेल कमी येत असेल तर टाकीत गवत कसं भरता तिकडे वळा. रिकामी करताना गवत नीट पाहा. सगळं सारखं तपकिरी-हिरवं, मऊ आणि जवळपास बिनवासाचं असेल तर वाफ सगळीकडे फिरली. काही पट्टे अजून हिरवेगार असतील, चुरडल्यावर वास येत असेल, तर वाफेनं भुयार पाडलं आणि ती तिथूनच निघून गेली. भुयार बहुधा टाकीच्या भिंतीला लागून पडतं.

पाती अख्खी भरली की पोकळ्या राहतात. कडबा कुट्टीवर १० ते १५ सेंटिमीटरचे तुकडे करा आणि ते लगेच भरा. कुट्टी केलेलं गवत रात्रभर ठेवू नका, कापलेल्या कडांमधून तेल उडतं. एक फुटाचा थर, मग पायानं तुडवायचं, कडेला जास्त आणि मध्ये कमी, मग पुढचा थर. १,००० लिटर जागेत २०० ते २५० किलो हे योग्य दाबाचं माप. त्याहून खच्चून भरलं तर वाफ वर येत नाही, खाली दाब वाढतो आणि शेवटी झाकणाच्या कडेनं फुसफुस सुरू होते. वरच्या नळीखाली वीत-दीड वीत जागा मोकळी सोडा, नाहीतर पाती नळीत जाऊन बसतात. वाफेची वाट कधीही बंद होता कामा नये. ही टाकी दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते.

झाकणाची फटही याच यादीत. साधा रबरी गॅस्केट तेल पिऊन फुगतो आणि दोन महिन्यांत सैल पडतो. सिलिकॉन किंवा टेफ्लॉनची दोरी वापरा. हंगामात ऐन वेळी फट सापडली तर मळलेल्या कणकेचा जाड लेप दिवसभर पुरतो. कन्नौजचे अत्तरवाले आजही तांब्याच्या डेगचं तोंड मातीच्या लेपानं बंद करतात, त्यात कमीपणा काही नाही.

हिशेबातली एक चूक तर फारच चालते. कापलेलं गवत सावलीत १२ ते २४ तास सुकवलं की वजनातला पाव हिस्सा कमी होतो, तेल मात्र जवळपास तेवढंच राहतं. एकानं ताज्या वजनावर टक्केवारी काढली आणि दुसऱ्यानं सुकलेल्या, तर दोघांच्या उताऱ्याची तुलनाच होत नाही. वजन कापणीच्या वेळचं धरा. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे पावसाळ्यात गवताबरोबर त्यावरचं पाणीही काट्यावर चढतं, म्हणून जुलैचा उतारा कागदावर आणखीच वाईट दिसतो. त्यातून भिजलेल्या गवताचा ढीग लावला तर तो आतून तापतो. हात घातल्यावर ऊब लागली की तेल गेलंच, शिवाय आंबूस वास पुढे तेलात उतरतो.

गवताचीच तपासणी करायची असेल तर क्लेव्हेंजर यंत्रावर करा. काचेची ही जोडणी रसायनशास्त्राच्या बऱ्याच प्रयोगशाळांत असते. २०० ग्रॅम कुट्टी, दीड लिटर पाणी, दोन-अडीच तास उकळी. तेल मोजपट्टीच्या नळीत तरंगतं आणि मिलिलिटरमध्ये वाचता येतं. १.१ मिलिलिटर आलं तर अर्धा टक्का. इथं अर्धा टक्का दिसतो आणि भट्टीत पाव टक्का निघतो, तर गवत निर्दोष आहे. इथंच पाव टक्का आला तर मात्र रान, कापणीची वेळ किंवा जात पाहा. परसातला चहात टाकायचा गवती चहा आणि तेलासाठी लावतात तो, हे बहुतेक वेळा वेगळे असतात. लखनौच्या सीमॅप संस्थेनं दिलेल्या कृष्णा, प्रगती, कावेरी या तेलाच्या जाती आहेत. शेजाऱ्याच्या बांधावरचे ठोंब फोडून एकरभर लावण केली असेल तर अर्ध्या टक्क्याची आशा धरू नका.

तेल दिसतं, पण पाणी दुधाळ

सेपरेटरमधून बाहेर जाणारं पाणी ताकासारखं पांढरं असेल तर तेलाचे बारीक थेंब त्याच्याबरोबर निघालेत. थोडं तेल पाण्यात विरघळतंच, लिटरला सुमारे अर्धा ग्रॅम. १२० लिटरला ६० ग्रॅम. त्याचं दुःख करायचं कारण नाही. दुधाळपणा मात्र आपल्या चुकीनं येतो.

थेंबाला वर यायला वेळ लागतो. दहा लिटरच्या डब्यात ६० लिटरची धार सोडली तर पाणी दहा मिनिटांत बाहेर. दुधाचा ४० लिटरचा स्टीलचा कॅन घेतला तर चाळीस मिनिटं मिळतात, फरक त्याच दिवशी दिसतो. धार वरून तेलावर आदळू देऊ नका. नरसाळ्याची नळी तेलाच्या थराखाली नेऊन तिचं तोंड वर वळवा, म्हणजे थेंब अलगद वर चढतात. आणि धार फार गारही नको. २५ अंशांच्या पाण्यात थेंब रेंगाळतात, ३८ ते ४० मध्ये झटकन वर येतात, म्हणून "जितकं गार तितकं चांगलं" हा समज इथं नडतो.

आता ज्या जागी सगळ्यांत जास्त तेल सांडतं, ती जवळून पाहू. कॅनच्या तळातून निघणारी पाण्याची नळी बाहेरून वर चढते आणि वाकून खाली येते. तेलाचं तोंड कॅनच्या वरच्या बाजूला. तेल पाण्यापेक्षा हलकं आहे, घनता सुमारे ०.८९, म्हणून तेलाची पातळी पाण्याच्या वाकापेक्षा थोडी उंच उभी राहते: १८ सेंटिमीटर जाडीच्या तेलाला २ सेंटिमीटर. म्हणून तेलाचं तोंड पाण्याच्या वाकापेक्षा दोनेक सेंटिमीटरच वर हवं. ते पाच सेंटिमीटर वर बसवलं तर तेल बाहेर पडण्याआधी थर ४५ सेंटिमीटर जाड व्हावा लागेल. कॅनची उंचीच जेमतेम तेवढी, म्हणजे तेल तळापर्यंत पोचून पाण्याच्या नळीतून गटारात जाणार. फॅब्रिकेटर हे अंतर नजरेनं लावतो. तुम्ही पट्टी लावून मोजा.

दुसरी गोष्ट त्याच वाकाची. वाकाच्या माथ्यावर बोटभर उघडं तोंड पाहिजे. ते नसेल तर नळी सायफन होते, एकदा ओढ लागली की कॅन तळापर्यंत उपसला जातो आणि त्याच्याबरोबर तेलही. "कधी येतं, कधी नाही" अशी तक्रार असेल तर आधी हे तोंड बघा. कुणीतरी शिंतोडे उडतात म्हणून त्याला बूच मारलेलं असतं.

सेपरेटर साबणानं धुऊ नका. साबणाचा अंश राहिला की तेल-पाणी दिवसभर एकजीव राहतं. वाफेनं किंवा उकळत्या पाण्यानं धुवा. दुधाळ झालेलं पाणी साठवलं असेल तर १०० लिटरला दोन-तीन किलो मीठ विरघळवून रात्रभर ठेवा, वर तवंग येतो. हे खारं पाणी पुन्हा टाकीत घालू नका, मीठ स्टील खातं. बिनमिठाचं पाणी मात्र पुढच्या घाण्याच्या तळाला वापरता येतं, त्यातलं विरघळलेलं तेल परत मिळतं.

करपट वास, काळसर रंग

वास करपट म्हणजे तळाचं पाणी संपलं किंवा जाळीतून पडलेली पाती तापलेल्या तळावर चिकटून जळली. दोन तासांत १२० लिटर वाफ जाते, म्हणून ३०० लिटरपेक्षा कमी पाण्यावर घाणा लावू नका. टाकीला बाहेरून पातळी दाखवणारी काचेची नळी हवी. जाळी पाण्यापासून एक वीत वर ठेवा आणि तिच्यावर बारीक स्टीलची चाळण अंथरा. तळाचा काळा काढा रोज संध्याकाळी काढून टाका. तो तीन-तीन दिवस उकळत ठेवला तर त्याचा वास तेलाला लागतोच.

रंग लालसर-काळा झाला तर लोखंड. साध्या लोखंडी टाकीचा गंज सिट्रालशी, म्हणजे लिंबासारखा वास देणाऱ्या घटकाशी, जुळत नाही, आणि या तेलाचा ७५ ते ८५ टक्के भाग सिट्रालच असतो. निदान कंडेन्सर, सेपरेटर आणि झाकणाची नळी तरी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची घ्या. काळं पडलेलं तेल १ ते २ टक्के सायट्रिक ॲसिडच्या पाण्याबरोबर हलवून, निथळून, साध्या पाण्यानं धुतलं की रंग बराच उतरतो. करपट वास मात्र काही केल्या जात नाही, ते तेल चांगल्यात मिसळू नका.

वाळ्याला हे नियम उलटे

त्याच भट्टीत वाळ्याची मुळं घालायची असतील तर वर लिहिलेलं जसंच्या तसं लावू नका. वाळ्याचं तेल घट्ट आणि घनतेनं जवळजवळ पाण्याइतकं असतं: काही तरंगतं, काही मध्येच लोंबतं, काही तळाला बसतं. इथं धार मुद्दाम ४५ ते ५० अंशांची ठेवा, नाहीतर तेल कंडेन्सरच्या नळ्यांतच थिजून राहतं. घाणा दोन तासांचा नाही, दिवस-रात्रीचा. १६ ते २४ तास. सेपरेटरला वर आणि खाली असे दोन नळ ठेवा. वाळा संपल्यावर गवती चहा लावायचा असेल तर रिकामी भट्टी तासभर नुसत्या वाफेवर चालवा, तरी पहिल्या घाण्याचं तेल वेगळं ठेवा.

कधी थांबायचं, कसं ठेवायचं

दोन तास हा आकडा देवानं दिलेला नाही. दर वीस मिनिटांनी धारेचं एक लिटर पाणी काचेच्या मोजपात्रात घ्या, पाच मिनिटं ठेवा आणि वरचं तेल वाचा. सुरुवातीला लिटरमागे बरंच तेल दिसतं, मग झपाट्यानं उतरतं. एक मिलिलिटरच्या खाली आलं की जाळ काढा. झाकण उघडण्याआधी पंधरा मिनिटं थांबा आणि उघडताना तोंड लांब ठेवा. सेपरेटर चुलवाणापासून पाच-सहा मीटर दूर आणि वारा त्याच्याकडून चुलवाणाकडे वाहणार नाही अशा बाजूला असावा, कारण न जिरलेली वाफ तेल घेऊन निघते आणि ते पेट घेतं.

निथळलेल्या तेलात पाण्याचा अंश राहतो, तो महिन्याभरात तेल गढूळ करतो. किलोला ३० ते ५० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट टाकून, हलवून रात्रभर ठेवा आणि सकाळी गाळून घ्या. पूड मोकळी वाळूसारखी राहिली तर तेल कोरडं झालं. गोळे झाले तर आणखी थोडी घाला. भरताना ॲल्युमिनियमची किंवा गडद काचेची बाटली गळ्यापर्यंत भरा. अर्ध्या भरलेल्या कॅनमधली हवा सिट्राल खाते, आणि दोन महिन्यांनी घेणारा "वास बसलाय" म्हणून भाव पाडतो.